पतपेढीच्या दारातली खुर्ची

९ जानेवारी

आजपासून लिहायला घेतले. ही म्हणाली, "दिवसभर माझं डोकं खाता, त्यापेक्षा कागदाचं खा." तिचेही बरोबर आहे. गॅसचे बटण बंद केलेस का, हे मी तिला काल इतक्यांदा विचारले, की शेवटी तिने मला हाताला धरून ओट्यापाशी नेले आणि म्हणाली, "बसा इथेच, राखण करा." माझे शिक्षण चौथीपर्यंतचे. जोडाक्षरे चुकतील. चुकू देत, वाचणार कोण आहे!

काळजी पतपेढीची आहे. आमच्या ओतकामाच्या कारखान्यातल्या कामगारांनी ती काढली. कारखाना बंद पडून जमाना झाला, पेढी मात्र चालू आहे. आता किरकोळ दुकानदार, शिवणकाम करणाऱ्या बायका, रिटायर झालेली माणसे, सगळ्यांच्या ठेवी तिथेच असतात. मी तिथला संचालक. म्हणजे महिन्यातून एकदा मीटिंगला जायचे, चहा प्यायचा आणि अध्यक्ष बोट ठेवतील तिथे सही करायची. मला घेतले ते शहाणा म्हणून नव्हे. पगाराच्या दिवशी गेटवर उभा राहून मी लोकांची बचत गोळा करायचो आणि त्यात कधी इकडचे तिकडे झाले नाही, म्हणून घेतले.

आज भाजीवाली वजन करता करता म्हणाली, "नाना, पेढी बुडतेय म्हणे?"

"कोण म्हणतं?"

"माझ्या दिराच्या मेव्हण्यानं ऐकलंय."

"त्यानं कोणाकडून ऐकलं?"

"ते आता मी दिराच्या मेव्हण्याला विचारायला जाऊ का? वांगी किती देऊ?"

वांगी घेतलीच नाहीत. घरी आल्यावर त्याबद्दलही बोलणी खाल्ली.

१० जानेवारी

अध्यक्षांनी बोलावून घेतले. हे कारखान्यात हिशेब बघायचे. माझ्यापेक्षा बरेच लहान, पण बोलण्यात माझ्यापेक्षा शंभर पटीने हुशार. म्हणाले, शेजारच्या तालुक्यातल्या एका पतपेढीवर निबंधक कार्यालयाने निर्बंध आणले आहेत. हे कार्यालय सगळ्या पतपेढ्यांवर देखरेख ठेवते. ती पेढी बंद झाल्याने आपले लोकही घाबरले आहेत.

"नाना, पैसा काय कपाटात रचून ठेवलेला असतो का? तो कर्जात फिरत असतो. सगळे एकदम मागायला आले, तर जगातली कुठलीही पेढी देऊ शकत नाही. बुडणारी पण नाही आणि न बुडणारी पण नाही."

हे मला पटले. मी विचारले, "मग करायचं काय?"

"तुम्ही दारात बसा."

"बसून काय करू?"

"काही नाही. दिसा."

मला लगेच उमगले. आमच्याकडे ही पद्धत जुनी आहे. संपाच्या वेळी अशीच आवई उठली होती. तेव्हा आमचे पहिले अध्यक्ष जेवणाचा डबा घेऊन दारात खुर्ची टाकून बसले. येईल त्याला म्हणायचे, माझे आत आहेत, तुझे काढतोस कशाला? लोक परत गेले आणि पेढी वाचली. तेव्हापासून वाईट दिवस आले की एका संचालकाने दारात बसायचे. आणि एक नियम, कुठे लिहिलेला नाही पण सगळ्यांना ठाऊक असलेला: खुर्चीवर बसणाऱ्याच्या घरचा पैसा हलवायचा नाही. त्याचा हलला तर त्याच्या बसण्याला अर्थ काय?

घरी येऊन हिला सांगितले. ही म्हणाली, "म्हणजे रखवालदार नेमलं तुम्हाला. पगार विचारलात का?"

१२ जानेवारी

सकाळी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून बसलो. खुर्ची लोखंडी, पाठीत रुतते. हिने उशी दिली होती, पण उशी घेऊन बसलेला संचालक काय दिसेल, म्हणून ती पिशवीतच ठेवली.

बरेच लोक आले. मला पाहिले की पावले हळू होतात. दूधवाला म्हणाला, "नाना, तुमचे पण आतच ना?"

"सगळे. माझे, हिचे, धाकट्या बहिणीचे. एक पैसा बाहेर नाही."

मग तो उगीचच सायकलची चेन बघत उभा राहिला आणि निघून गेला. समोरचा घड्याळवाला दुकानातून ओरडला, "नाना बसलेत म्हणजे जहाज बुडत नाही!" रांगेतली एक बाई म्हणाली, "बुडालंच तर हे पहिले. यांना पोहता येत नाही." सगळे हसले, मीही हसलो. हसण्यातच निम्मी रांग मोडली.

अध्यक्षांनी आतून चहा पाठवला, सोबत बिस्किटेही होती. खूप वर्षांनी कोणाच्या तरी कामी आलो असे वाटले. मग वाटले, हा गर्व तर नव्हे? अशा विचारांनी चहा गार झाला.

१५ जानेवारी

पाठ धरली आहे. पण बसलो.

दुपारी लघवीला मागच्या बाजूला गेलो, तेव्हा अध्यक्षांचे मेहुणे मागच्या दाराने बाहेर पडत होते. हातात मोठी बॅग, घामाघूम झालेले. मी विचारायच्या आधीच मॅनेजर म्हणाला, "कॉम्प्युटरचे पार्ट आहेत नाना, दुरुस्तीला चाललेत." थोड्या वेळाने उपाध्यक्षांच्या सूनबाईही तिकडूनच आल्या आणि तिकडूनच गेल्या. पुढे गर्दी, तिच्यात आपली भर नको, असा विचार केला असणार. मोठ्या घरची माणसे असूनही समजूत आहे. दोघांनाही मी नमस्कार केला. मेहुण्यांना बॅगेमुळे हात जोडता आले नाहीत.

कॉम्प्युटर एवढे वारंवार का बिघडतात, कळत नाही.

१७ जानेवारी

धाकटी आली. माझी बहीण. नवरा वारल्यावर शिलाईच्या एका मशिनवर तिने संसार ओढला. भाड्याच्या ज्या खोलीत ती राहते आणि शिवते, ती मालक विकतोय. पहिला हक्क तिचा, असे तो माणुसकीने म्हणाला आहे, पण महिनाअखेरीपर्यंत पैसे हातात हवेत. तिची ठेव या आठवड्यात पुरी झाली. खोलीला बरोबर पुरते.

ती रांगेत उभी राहिली होती. मी खुर्चीवरून उठलो आणि तिला बाजूला घेतले.

"दादा, असं काय करतोस? माझा नंबर जाईल."

"धाकटे, आज नको."

"का? माझेच आहेत ना?"

"तुझेच आहेत. पण तू माझी बहीण. इथं सगळे मला बघून परत जातायत, आणि तूच काढून नेलेस तर? संध्याकाळपर्यंत दरवाजा तोडतील लोक."

"आणि मालकाला काय सांगू? माझा भाऊ खुर्चीवर बसलाय म्हणून?"

"दहाबारा दिवस. वातावरण निवळू दे. मी आहे ना?"

तिने हातातली ठेवीची पावती परत पर्समध्ये ठेवली. म्हणाली, "तू आहेस म्हणून थांबते." रांगेतले लोक बघत होते. ती गेल्यावर तिच्या मागे उभा असलेला म्हातारा आणि त्याची बायकोही निघून गेली. अध्यक्ष बाहेर येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "याला म्हणतात संचालक."

रात्री जेवण गेले नाही.

१८ जानेवारी

राहवेना म्हणून अध्यक्षांच्या केबिनमध्ये गेलो. बहिणीच्या खोलीचे सगळे सांगितले. ते टेबलावरचे कागद पिशवीत भरत होते. म्हणाले, "नाना, तुमची बहीण ती माझी बहीण. महिनाअखेरीला मी स्वतः तिच्या घरी पैसे पोचवतो. बस?"

जीव भांड्यात पडला. घरी येऊन हिला सांगितले तर म्हणाली, "लिहून घेतलंत?" बायकांना विश्वास म्हणून काही असतो की नाही?

२२ जानेवारी

निबंधक कार्यालयातून तपासणीला बाई आल्या. तरुण आहेत, मुलीसारख्या. दारातच थबकल्या.

"आजोबा, तुम्ही कोण?"

"संचालक."

"मग आत या ना."

"मी इथंच बसतो."

माझ्याकडे जरा पाहिले आणि आत गेल्या. दुपारी मला बोलावले. केबिनमध्ये मॅनेजर रुमालाने मान पुसत होता. अध्यक्ष कामानिमित्त बाहेरगावी. बाईंनी दोन वर्षांपूर्वीचा तपासणी अहवाल दाखवला. मोठी कर्जे कोणाला दिलीत, फेड का नाही, असे त्यात विचारले होते म्हणे. खाली "वाचले, मान्य" असे लिहून सगळ्या संचालकांच्या सह्या. माझीही. सही माझीच, ते शेपूट मीच काढतो.

"हे वाचलं होतंत?"

"मीटिंगमध्ये वाचून दाखवलं असेल."

"कर्ज कोणाला दिलंय माहीत आहे तुम्हाला?"

"गरजूंना."

त्यांनी पेन खाली ठेवले. मग विचारले, "तुमच्या घरच्या ठेवी?"

"सगळ्या आत आहेत. बहिणीची मुदत पुरी झाली, तरी तिला काढू दिली नाही." हे मी जरा अभिमानानेच सांगितले.

बाईंनी ते लिहून घेतले. जाताना माझ्याजवळ थांबल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आजोबा, असे दारात बसू नका हो." मायाळू वाटल्या. दारात वारा येतो, माझा खोकला ऐकला असेल.

२७ जानेवारी

धाकटी परत आली. मालकाकडे दुसरे गिऱ्हाईक येऊन गेले आहे.

"दादा, शेवटचं विचारते. मी मागच्या दारानं जाऊ का? कोणाला दिसणार नाही."

"मागचं दार कशाला? आपण काय चोर आहोत?"

"मग बाकीचे जातायत ते कोण आहेत?"

"कोण बाकीचे?"

"अध्यक्षांच्या बायकोचे कपडे मी शिवते. परवा माप घेताना बोलून गेली ती. त्यांनी सगळे काढून घेतलेत. मेहुण्यांचे पण. तुला डोळे आहेत की बटणं शिवलीयत तिथं?"

मी चिडलो. म्हणालो, "माप घ्यायला जातेस की कान लावायला? दुसऱ्याच्या घरातलं बाहेर सांगत फिरू नये." लोक ऐकत होते, म्हणून आवाज आणखी चढवला. अध्यक्षांनी शब्द दिलाय, हेही सांगितले.

ती म्हणाली, "बरं." इतकेच. चहा मागवला होता, तो न घेता गेली.

ती मला कधी उलट बोलत नाही. आज बोलली असती तर बरे झाले असते. बॅग आठवत राहिली. कॉम्प्युटरचे पार्ट जड असतात का, हे कोणाला विचारावे?

३० जानेवारी

गेलो तर शटर खाली. दोन पोलीस. शटरवर कागद चिकटवलेला. घड्याळवाल्याने मोठ्याने वाचला: संचालक मंडळ बरखास्त. प्रशासक नेमला. पुढील आदेशापर्यंत ठेवी काढता येणार नाहीत.

अध्यक्षांना फोन लावला. बंद. मॅनेजरचाही.

गर्दी वाढत गेली. मला काही सुचेना. खुर्ची बाहेरच राहिली होती, तिच्यावर जाऊन बसलो. सवयीने बसलो, दुसरा हेतू नव्हता. दूधवाला समोर येऊन उभा राहिला. ओरडला असता तर मला कळले असते काय करायचे. तो म्हणाला, "मी दोनदा आलो होतो, नाना." मागून कोणीतरी शिवी दिली. एक म्हातारी माझ्या सदऱ्याला धरून विचारू लागली, "उद्या उघडेल ना? तुम्ही सांगा, उद्या उघडेल ना?"

घड्याळवाला रस्ता ओलांडून आला. माझा दंड धरला. "उठा नाना. आता कोणाला दिसायचंय?"

२ फेब्रुवारी

प्रशासक म्हणून त्याच तपासणीच्या बाई आल्या आहेत. त्यांच्याकडून दोन गोष्टी कळल्या. एक, बँकेतल्या ठेवींना विमा असतो तसा आमच्या पेढीला नाही. मला वाटायचे असेलच, सरकारमान्य लिहिलेले आहे ना पाटीवर. दुसरी, बंद व्हायच्या आधी ज्या संचालकांच्या नातेवाइकांनी पैसे काढले, त्यांच्याकडून ते परत मागणार.

दुसरी ऐकून मला हायसे वाटले. धाकटीकडे धावतच गेलो. म्हणालो, "बघ, बरं झालं तू काढले नाहीस. नाहीतर तुलाही परत द्यावे लागले असते."

ती कापड बेतत होती. कात्री थांबवली नाही. "परत द्यायला तरी ते माझ्या हातात यायला हवे होते, दादा."

अध्यक्षांनी घरी पैसे पोचवले का, हे विचारायचे मनात होते. विचारले नाही.

९ फेब्रुवारी

खोली गेली. मालकाने तिला आणखी आठवडा दिला होता, हे मला आज कळले. तिने मला सांगितले नव्हते.

सामान हलवताना गेलो. मशिन जड, दोघांनी धरावे लागते. मी एका बाजूने वाकलो. ती म्हणाली, "राहू दे," आणि टेम्पोवाल्याला हाक मारली. ओळखीच्या एका शिवणकामवालीच्या पोटमाळ्यावर जागा मिळाली आहे. तिथे मशिन मावते, पण उभे राहिले की डोके आढ्याला लागते. आमच्याकडे ये म्हणालो. ही पण मनापासून म्हणाली. धाकटीने हिचा हात धरला, "येईन हो वहिनी, कधीतरी." माझ्याकडे बघितले नाही.

१४ फेब्रुवारी

नोटीस आली. संचालकांवर वैयक्तिक जबाबदारी का निश्चित करू नये, घरेदारे जप्त का करू नयेत, अशी. हिने वाचून दाखवली. वाचताना चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"घेतलं कोणी?" ती म्हणाली.

"अध्यक्षांनी."

"मग आपलं घर का?"

"सही आहे ना माझी."

"बिस्किटं पण खाल्लीत ना त्यांची, त्याचा नाही का हिशेब?" असे म्हणाली आणि मग तोंडाला पदर लावून रडली. दोन खोल्या आहेत आमच्या. कारखाना बंद पडला तेव्हाच्या पैशांतून घेतलेल्या. त्यांच्याशिवाय काहीच नाही.

१९ फेब्रुवारी

अध्यक्षांचा फोन आला, कुठल्यातरी वेगळ्याच नंबरवरून. "नाना, जबाबात सांगा की खुर्चीवर बसायचं तुमचं तुम्ही ठरवलंत. जुनी पद्धत म्हणून. म्हणजे आपण सगळेच सुटू." मी विचारले, धाकटीचे पैसे? म्हणाले, "कोण धाकटी?"

मी फोन ठेवला. जबाबात जसे झाले तसे सांगितले. बसा ते म्हणाले, आणि बसलो मी. धाकटीला मी अडवले, हेही लिहायला लावले. बाई म्हणाल्या, एवढं सांगायची गरज नाही. मी म्हणालो, लिहा.

२५ फेब्रुवारी

आज सभासदांची सभा झाली, बंद शाळेच्या हॉलमध्ये. खुर्च्या पुरल्या नाहीत, लोक भिंतीला टेकून उभे होते. ही माझ्या शेजारी बसली. आमच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या राहिल्या.

प्रशासक बाईंनी सगळे सांगितले. मोठी कर्जे अध्यक्षांच्याच माणसांना, तारण नावापुरते. दूधवाला उठला, "बाई, दोन वर्षांपूर्वी तुमच्या ऑफिसला हे सगळं कळलं होतं ना? मग दोन वर्षं करत काय होतात?"

बाई म्हणाल्या, "पत्रं पाठवत होतो. आम्ही कमी आणि पेढ्या फार." पुढे म्हणाल्या, "हे उत्तर नाही, मला माहीत आहे." दूधवाला खाली बसला.

ठेवीदारांची समिती निवडली. धाकटीचे नाव कोणीतरी सुचवले. तीही तयार झाली. ती उठून पुढे गेली तेव्हा मला कळले की ती हॉलमध्ये आहे.

मग संचालकांवर जप्तीची शिफारस करायची, तो विषय आला. घड्याळवाला उभा राहिला. "माझी एक सूचना आहे. नानांना वगळा. त्यांनी एक पैसा खाल्लेला नाही, उलट त्यांचेही गेले. या म्हाताऱ्याला रस्त्यावर काढून आपल्याला काय मिळणार?" बऱ्याच जणांनी माना हलवल्या. हिने माझा हात घट्ट धरला.

मागून एकाने विचारले, "त्यांची बहीण समितीत आहे. तिचं काय म्हणणं?"

धाकटी उठली. नजर खाली. म्हणाली, "मला अध्यक्षांनी थांबवलं नाही. अध्यक्षांनी सांगितलं असतं तर मी थांबलेही नसते." एवढे बोलून बसली.

ती म्हातारी, जिने माझा सदरा धरला होता, ती म्हणाली, "मी पण यांना बघूनच परत गेले." मग आणखी एकजण तेच म्हणाला. मग आणखी कोणीतरी.

बाई म्हणाल्या, "अंतिम निर्णय वरून होईल, पण सभासदांचं मत मी कळवणार आहे. कोणालाही वगळू नये असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

हात सावकाश वर येऊ लागले. काही जण माझ्याकडे बघून परत खाली घ्यायचे. दूधवाल्याचा आला. म्हातारीचा आला. घड्याळवाल्याने हात मांडीखाली दाबून ठेवला होता. आमच्या दोन खोल्या विकून कोणाला काय मिळणार, मला माहीत नाही. फारसे नाहीच. हिला घेऊन मी कुठे जाणार, तेही माहीत नाही. पण मीही सभासद आहे. अगदी सुरुवातीचा.

मी हात वर केला.

"अहो!" हिने माझी बाही खाली ओढली. "खाली घ्या. कशाला मत देताय कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय," मी म्हणालो.

तिने बाही सोडली.

मोजायचे काम समितीकडे होते. धाकटी पेन्सिल घेऊन एकेक रांग मोजत येत होती. आमच्या रांगेत आली. रिकाम्या खुर्च्या ओलांडल्या आणि माझ्यासमोर थांबली. महिनाभरात पहिल्यांदा तिने माझ्याकडे पाहिले. मी हात खाली घेतला नाही.

तिने मला मोजले आणि पुढच्या रांगेत गेली.